हे बौद्ध भिक्षू नव्हेत

महोदय,

शहरात नुकत्याच झालेल्या एका प्रदर्शनात जुन्या चिनी गुंडाळीचित्रांखाली सरसकट ‘बौद्ध भिक्षू’ अशा पाट्या होत्या. चित्रांत होते ते चीनच्या दाओ (ताओ) पंथातले अष्ट चिरंजीव, म्हणजे आठ अमर सिद्ध. त्यांना ओळखायचं ते चेहऱ्यावरून नव्हे, हातातल्या वस्तूवरून. उघडं पोट आणि पंखा म्हणजे झोंगली छ्वान, पाठीला तलवार तो लू दोंगबिन, कमळ घेतलेली हे श्यानकू, बासरी हान श्यांगझीची. लोखंडी कुबडी आणि तुंबा असलेला ली थिएग्वाय. त्याचा आत्मा बाहेर गेला असताना शिष्याने देह जाळला, म्हणून तो लंगड्या भिकाऱ्याच्या प्रेतात शिरला. परकायाप्रवेश आपल्याला काही नवा नाही! क्योतोत जपलेल्या, युआन काळातला चित्रकार यान हुई याच्या चित्रात ली थिएग्वायच्या फुंकरीबरोबर त्याच्या आत्म्याची इवलीशी आकृती आकाशात निघालेली दिसते. जोडीच्या चित्रातला बेडूकवाला मात्र ल्यू हाय. तो सहसा या आठांत धरत नाहीत.

पाट्यांपेक्षा मांडणी जास्त खटकली. या चित्रांच्या पाठीला गव्हाच्या खळीने कागदाचे थर चिकटवलेले असतात. पुण्याच्या पावसाळ्यात खळ ओल धरते, बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात, कडा वळतात. वळलेली कड सेलोटेपने दाबली की पिवळा डाग कायमचा. प्रकाश ५० लक्सपर्यंतच (लक्स हे प्रकाश मोजण्याचं एकक) असावा, काही आठवड्यांनी चित्र उतरवावं. गुंडाळताना चित्र आत, पीळ सैल. घट्ट गुंडाळलं की आडव्या चिरा पडून रंग सुटतो. दमट दिवशी गुंडाळूच नये.

– काही कला-अभ्यासक, पुणे