समईचा फोटो छापता, मुदतीची तारीखही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात पान ५ वर एका परिषदेच्या उद्घाटनाची बातमी आली होती, सहा ओळी आणि वर फोटो. फोटोत समईभोवती सहा जण उभे आणि सातवा अर्धा कापलेला, नुसता खांदा आणि गळ्यातलं बॅजचं रिबन दिसतंय. तीसेक वर्षं अशा परिषदांना जाऊन माझी खात्री झालीय की प्रोग्राम ज्याने बसवलेला असतो तो नेमका असा कापलेला माणूस असतो. त्या माणसाच्या वतीने हे पत्र लिहितोय असं समजा.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवायचो, आता रिटायर आहे. लोकांना वाटतं परिषद म्हणजे उद्घाटन, जेवण, शाल-श्रीफळ आणि मधे कोणीतरी स्लाइड दाखवतंय. पण हजारो लोक येतात तेव्हा कोण कुठल्या हॉलमधे, किती वाजता, कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर बोलणार हे कोणीतरी दोन-दोन वर्षं बसून ठरवलेलं असतं, आणि खरं सांगू का, कुठल्या खडकाबद्दल कोणाचं म्हणणं जगाने ऐकायचं हे पण तिथेच ठरतं, भाषणात नाही.

आमच्या विषयातली सगळ्यात मोठी जत्रा म्हणजे आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक काँग्रेस, साधारण चार वर्षांनी एकदा भरते. पहिली १८७८ साली पॅरिसला झाली. दुसरी १८८१ ला इटलीत बोलोन्याला, तिथे काय झालं ते मला फार आवडतं, वर्गात दरवर्षी सांगायचो. तेव्हा प्रत्येक देश आपापले नकाशे आपापल्या रंगात रंगवायचा, एकाचा ज्युरासिक (खडकांचा एक जुना काळ) पिवळा तर दुसऱ्याचा तपकिरी, सरहद्दीवर दोन नकाशे शेजारी ठेवले तर खडकच बदलला असं वाटायचं. मग बोलोन्यात लोक बसले, भांडले आणि युरोपचा एक सामाईक नकाशा करायचं ठरवून रंग जुळवायला लागले. आज कुठल्याही पोराने नकाशात निळा पट्टा बघितला की तो ज्युरासिक म्हणतो आणि हिरवा दिसला की त्याच्या नंतरचा काळ, क्रेटेशियस, त्याचं मूळ त्या भांडणात आहे. म्हणजे या लोकांना एका टेबलाशी बसवणं हेच मुळात काम आहे.

आपल्याकडे ही काँग्रेस १९६४ ला दिल्लीत झाली, अध्यक्ष होते भूशास्त्रज्ञ दा. नो. वाडिया. त्याच्या पुढची १९६८ ची प्रागला, आणि ती सुरू झाली न झाली तोच रशियन रणगाडे शहरात शिरले, परिषद अर्ध्यातच गुंडाळावी लागली. ज्यांनी चार वर्षं ते वेळापत्रक बसवलं असेल त्यांचं काय झालं असेल असं मला कायम वाटायचं. आणि मग २०२० ला ते आपल्याच वाट्याला आलं. ३६ वी काँग्रेस २ ते ८ मार्चला ग्रेटर नोइडाला ठरलेली, तिकिटं काढलेली, पोस्टर छापलेले, आणि कोरोना. तारखा पुढे ढकलत ढकलत शेवटी मार्च २०२२ ला तीन दिवस ऑनलाइन उरकली. ५६ वर्षांनी आलेली संधी आणि आपण सगळे घरात लॅपटॉपसमोर, ‘सर आवाज येत नाहीये’ म्हणत. चूक कोणाचीच नाही, पण हळहळ राहिली ती राहिलीच.

आता माझी गोष्ट. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत एका मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मी एका सेशनचा, म्हणजे एका विषयावरच्या भाषणांच्या गटाचा, सह-कन्व्हीनर होतो, म्हणजे तो बसवणाऱ्यांपैकी एक. कुठली ते सांगत नाही कारण पुढे थोडी तक्रार आहे. आमचा विषय बसाल्टमधलं, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकातलं, भूजल. आम्ही तिघं, एक बाई हवाईच्या, एक गृहस्थ इथिओपियाचे आणि मी, तीन देश तीन घड्याळं, मीटिंग नेहमी माझ्याच रात्री साडेअकराला यायची. ४७ ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरचे सारांश, आलेले आणि बोलायच्या जागा १२. दीड तासाचा एक ब्लॉक, त्यात पंधरा-पंधरा मिनिटांची सहा भाषणं, असे दोन ब्लॉक. बाकी सगळे पोस्टरला, म्हणजे भाषण नाही, काम छापून भिंतीवर लावायचं. एक्सेलमधे हिरवा म्हणजे भाषण, पिवळा म्हणजे पोस्टर, लाल म्हणजे नको. बायको म्हणायची लग्नातल्या पंगती बसवताय का. तसंच होतं ते. याला त्याच्या शेजारी ठेवलं तर भांडण, त्या मोठ्या प्रोफेसरना सकाळचाच स्लॉट पाहिजे, एकाचं नाव दुसऱ्या सेशनमधे त्याच वेळेला आलंय मग त्याला हलवा, तो हलवला की खालचे चार हलतात.

त्या ४७ मधे एक ॲबस्ट्रॅक्ट आपल्याकडच्या एका दुष्काळी तालुक्यातल्या मॅडमचं होतं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या. अकरा वर्षं त्यांनी साठ विहिरींची पाण्याची पातळी मोजलेली, दर मे आणि दर ऑक्टोबर, टेपला दगड बांधून, पोरांना बरोबर घेऊन, कसलं फंडिंग बिंडिंग नाही. इंग्रजी यथातथा. आम्हाला मार्क द्यायचा जो तक्ता होता त्यात भाषेचा वेगळा रकाना, तिथे दोघांनीही पाचपैकी दोन दिले, आणि बेरजेत मॅडम पिवळ्यात गेल्या. मी रात्री मेल केला की बाबांनो तिसरी ओळ वाचा. त्या ओळीत लिहिलेलं की ज्या शिवारात बोअर गेरूच्या थरातून खाली गेले तिथल्या जुन्या विहिरी आधी आटायला लागल्या. गेरू म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमधे जो लाल मातीचा पट्टा असतो तो, वरचं पाणी अडवून धरणारा. घाटात रस्त्याच्या कडेला कापलेल्या डोंगरात सगळ्यांनी बघितलाय, लक्षात आलेला नसतो इतकंच. गेरू फोडू नका वरचं पाणी पळून जाईल, हे आमच्याकडचे जुने विहीर खोदणारे आधीपासून सांगत आलेत, मऊ मांजऱ्या खडक कुठे लागेल आणि कठीण काळा पाषाण कुठे हे पण तेच सांगतात. मॅडमनी ते त्यांच्या साठ विहिरींपुरतं आकड्यात दाखवलं होतं. हवाईच्या बाईंचं सकाळी उत्तर आलं, एकच ओळ, हिला हिरवी करा.

केली. शेवटचा दिवस, जेवणानंतरचा स्लॉट, म्हणजे अर्धे लोक विमानतळावर, पण भाषण म्हणजे भाषण.

मॅडम आल्या नाहीत. नोंदणीची फी त्यांच्या दोन महिन्यांच्या मानधनाएवढी. फीमाफीचा फॉर्म होता, पण त्याचा मेल स्पॅममधे पडलेला आणि बघेपर्यंत मुदत जाऊन चार दिवस झालेले. मी ऑफिसला लिहिलं, फोन केले, उत्तर आलं की सिस्टिम बंद झालीय. मी त्यांच्या वतीने स्लाइड दाखवतो म्हटलं तर म्हणे नोंदणी नसलेल्या लेखकाचं सादर करता येत नाही. आणि स्लॉट रिकामा असला तरी पुढचं भाषण पुढे ओढायचं नसतं हा पण नियम, तो मात्र बरोबर आहे, कारण लोक दुसऱ्या हॉलमधून घड्याळ बघून एकेका भाषणाला येतात. त्यामुळे पंधरा मिनिटं पडद्यावर नुसतं शीर्षक आणि मॅडमचं नाव, आणि खाली तीसेक लोक मोबाइल बघत बसलेले. मी बाजूला उभा. दोघंतिघं येऊन विचारून गेले की यांचा पेपर कुठे मिळेल. कुठेच नाही, म्हटलं, विहिरींच्या वह्यांत आहे.

राग कोणावर काढायचा? थोडा आयोजकांवर आहे, पण जास्त आपल्यावर. दख्खनचा लाव्हा आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोर कशाने मेले या वादात त्याचं नाव घेतल्याशिवाय जगातलं एक सेशन पुरं होत नाही. धरणामुळे होणाऱ्या भूकंपाचं म्हटलं की कोयना, १९६७. शांत समजल्या जाणाऱ्या प्रदेशातला भूकंप म्हटलं की किल्लारी, १९९३. दरडी म्हटलं की माळीण. खडक आपले, मेलेली माणसं आपली, आणि कन्व्हीनरच्या यादीत आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजचं नाव शोधून सापडत नाही. हुशार लोक नाहीत असं नाही. कधी अर्ज करायचा हेच कळत नाही. सेशन सुचवायची मुदत परिषदेच्या वर्ष-दीड वर्ष आधी संपते, मग ॲबस्ट्रॅक्ट, मग फीमाफी आणि प्रवासखर्चाची मदत. भूवैज्ञानिक काँग्रेसमधे गरीब देशांतल्या लोकांसाठी जिओहोस्ट नावाची योजना असते, ती आमच्या स्टाफरूममधे मी सोडून एकालाही माहीत नव्हती. मला पण कळली तेव्हा पन्नाशी उलटलेली. आपल्याकडे सगळं कळतं ते समई पेटल्यावर.

गेली काँग्रेस २०२४ ला कोरियात बुसानला झाली. पुढची २०२८ ला कॅनडात कॅलगरीला आहे. मॅडम अजून मोजतायत, आता पोरं बदलली, टेप तोच. या वेळी मी त्यांना नुसतं ॲबस्ट्रॅक्ट नको, आख्खं सेशनच सुचवा म्हणून मागे लागलोय, गेरूवरच, आणि बरोबर एक आइसलँडचा किंवा इथिओपियाचा माणूस घ्या म्हटलं, कारण एकाच देशाचे कन्व्हीनर असले की समिती प्रस्ताव दुसऱ्या कोणाच्या तरी सेशनमधे मिसळून टाकते आणि मग तुम्ही यादीत चौथे. या गोष्टी कुठल्या नियमावलीत ठळक लिहिलेल्या नसतात, बसून बसून कळतात.

तर विनंती एवढीच आहे. तुम्ही एमपीएससीच्या तारखा छापता, सीईटीच्या छापता, म्हाडाच्या लॉटरीच्या छापता. कॅलगरीच्या सेशन सुचवायच्या आणि फीमाफीच्या तारखा जाहीर झाल्या की दोन ओळी छापा, मराठीत, मी स्वतः लिहून पाठवीन, मानधन नको. पान १ वर जागा नसेल तर शब्दकोड्याच्या खाली टाका, सगळ्या स्टाफरूममधे ते पान आधी उघडतात.

आपला,
एक रिटायर भूशास्त्रवाला

ता. क. त्या बातमीच्या हेडिंगमधे ‘भूगोल परिषद’ छापलंय. ती भूशास्त्राची होती. दुरुस्ती द्यावी.