रिपोर्टवरच हा आकडा छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

हे पत्र फिब-फोर या आकड्याबद्दल आहे, साध्या रक्ताच्या रिपोर्टवरून लिव्हर किती कडक झालंय याचा अंदाज त्यावरून येतो. आमच्या दाजींना हिपॅटायटीस बी (लिव्हरला सूज आणणारा विषाणूचा आजार) आहे हे परभणीला रक्तदान शिबिरात कळलं, त्याला सहा-सात वर्षं झाली. त्रास काहीच नव्हता. दर सहा महिन्याला एका खाजगी दवाखान्यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करायचं, डॉक्टर म्हणणार एन्झाइम थोडे वाढलेत तेलकट बंद करा, संपलं. मधी त्यांच्या आईच्या हट्टापायी काविळीची माळसुद्धा घालून झाली.

यंदा सोनोग्राफीत लिव्हर खडबडीत आणि प्लीहा मोठी निघाली. दुसऱ्या डॉक्टरकडं गेलो तर त्यांनी जुनी फाईल चाळली, दोन वर्षांमागचा एक रिपोर्ट काढला आणि मोबाईलवर हिशोब केला. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यानं. (एसजीओटी, एसजीपीटी हे एलएफटीतले एन्झाइम, प्लेटलेट सीबीसीत मोजलेल्या रक्त गोठवणाऱ्या पेशी.) यालाच फिब-फोर म्हणतात. तेव्हा दाजींचं वय ५२, एसजीओटी ८८, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट १.१० लाख, म्हणजे हिशोबात ११० (हजार) धरायचे. उत्तर ५.२! १.४५ च्या खाली असलं तर लिव्हर फार कडक झालं नसावं, ३.२५ च्या वर गेलं की पुढची तपासणी लांबवायची नाही. लिव्हर कडक झालं की त्यातून रक्त नीट जात नाही, प्लीहा फुगते, प्लेटलेट तिथंच अडकतात, म्हणून रिपोर्टात कमी दिसतात. म्हणजे दोन वर्षं उत्तर आमच्याच पिशवीत पडून होतं, खर्च शून्य.

आता हे गणित म्हणजे काही देवाचा कौल नाही. डेंग्यूत प्लेटलेट पडल्या तरी आकडा उगाच वाढतो (आणि पावसाळ्यात आपल्याकडं डेंग्यू कुठं नाही?), पासष्टीच्या पुढं वयामुळंच वाढतो, आणि मधल्या आकड्यांवरून तर काहीच ठरवता येत नाही, तिथं फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी मशीनची तपासणी) लागतो. पण कुणाला पुढं पाठवायचं एवढं तर कळतं ना? सरकारच्या हिपॅटायटीस कार्यक्रमात पण हा हिशोब आहे, हा कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषधं फुकट आहेत, हे आम्हाला सुद्धा आत्ताच कळलं.

माझं म्हणणं एवढंच, हिपॅटायटीस बी किंवा सी चा पेशंट असेल तर लॅबवाल्यांनी रिपोर्टच्या खाली हा आकडा छापावा, सगळं कॉम्प्युटरवरच तर असतं.

दाजींची टेनोफोविरची (विषाणू दाबून ठेवणारी) गोळी चालू झालीय. घरच्या सगळ्यांचं रक्त तपासलं, भाचा निगेटिव्ह निघाला पण त्याची लस राहिली होती, पहिला डोस परवा दिला.

— एक वाचक, जि. परभणी