कोळशाला गारठ्याने तडे

महोदय,

आमच्या गोठ्यात म्हशीला रेतन करायला डॉक्टर येतात, त्यांच्या कॅनमध्ये द्रवरूप नायट्रोजन असतो. झाकण काढलं की पांढरी वाफ काठावरून खाली ओघळते. आत उणे १९६ अंश!

हाच नायट्रोजन जमिनीखालच्या कोळशाच्या थरात सोडून तिथला मिथेन हा जळाऊ वायू इंधनासाठी काढण्यावर संशोधन चालू आहे. एवढ्या गारठ्याने कोळसा आकसून तडकतो. त्याच्या छिद्रांतलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि भेगा रुंदावतं. मग नायट्रोजनचा वायू होऊन तो जवळपास ७०० पट पसरतो. कोळशाला चिकटून बसलेल्या मिथेनला वाट मोकळी होते.

मला यात मोलाचं वाटतं ते वाचणारं पाणी. नेहमीच्या पद्धतीत पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबाने आत ढकलतात. पंचगंगेकाठी राहणाऱ्याला पाणी नासणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. कोल्हापुरात कोळसा नाही, पण चंद्रपूर-यवतमाळात आहे, आणि तिथली माणसंही आपलीच.

अडचणी आहेतच. नायट्रोजन द्रवरूप करायला वीज भरपूर लागते, एवढ्या थंडीत साधं पोलाद ठिसूळ होतं. शिवाय निसटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त पृथ्वीला तापवतो. म्हणून आपल्याकडे असा प्रयोग करायचा झाल्यास आसपासच्या विहिरींचं पाणी आधी तपासावं, नंतरही तपासावं, आणि गळतीचे आकडे गावाच्या चावडीवर मराठीत लावावेत.

— एक दूध उत्पादक, करवीर, कोल्हापूर