ट्रंकेतली पत्रं रद्दीत घालू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या आळीतलं एक जुनं माडीचं घर पाडलं. त्या घरातले थोरले आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते हे आख्ख्या गावाला माहीत, लहानपणी आम्ही त्यांचा खाकी कोट बघायला जायचो. मी पोचेपर्यंत भिंतीतल्या फडताळातले सगळे कागद पोत्यात भरून भंगारवाल्याच्या टेम्पोत गेले होते. त्यात पत्रं होती का म्हणून विचारलं तर त्यांचा पणतू म्हणाला होती की काका, बरीच होती, गोल शिक्के मारलेली, पण ती वाचताच येत नव्हती, मोडी लिपीत होती. टेम्पो तोवर सातारच्या रस्त्याला लागला होता. मी गाडी काढून मागं गेलो पण गाठ पडली नाही. त्या दिवसापासून डोक्यात हेच चाललंय म्हणून तुम्हाला लिहितोय, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्याही घरी अशी पत्रं आहेत, माझ्या आजोबांची, एकूण ४१. ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते, बेळगावात ट्रेनिंग झालं, मग इजिप्तवरून इटली. त्या वेळी पलटणीचं नाव इंग्रजीत महरट्टा असं लिहायचे आणि गोरे सोल्जर आपल्या जवानांना सरसकट 'गणपत' म्हणायचे. १९४४ ला इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आपल्या लोकांची लढाई झाली, तिथंच १० जुलैला माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे वयाच्या २२ व्या वर्षी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळाला. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी तो जिवंतपणी मिळवला. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने घाडग्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभं केलं. परक्या मुलखातल्या एवढ्याशा गावाला ऐंशी वर्षांनी आपला माणूस आठवला याचं मला फार अप्रूप वाटलं, आणि आपण मात्र त्याच लढाईतनं आलेली पत्रं पोत्यात भरतोय.

माझे आजोबा काही मोठे वीर नव्हते, साधे शिपाई. मराठी चौथी झालेली, अक्षर गोल आणि मोठं. पण बेळगावातली सुरुवातीची पत्रं कंपनीतल्या कुणीतरी मोडीत लिहून दिलेली दिसतात, नंतर ते स्वतः बाळबोधीत म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत लिहायला लागले. पत्ता कुठलाच नाही. फिल्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का, त्यात फक्त नंबर, शेजारी सेन्सॉरचा म्हणजे पत्रं उघडून तपासणाऱ्या साहेबाचा शिक्का, त्यामुळं घरच्यांना माणूस आफ्रिकेत आहे का युरोपात हे कळायचा मार्ग नाही. एका पत्रात दोन ओळी चौकोनी कापून काढल्यात, खिडकीसारखं भोक आहे, उजेडात धरलं की पलीकडचं दिसतं. लहानपणी आम्हाला वाटायचं उंदरानं खाल्लं असंल.

पण शेतकऱ्याचं डोकं ते, त्यातनं वाट काढलीच. १९४४ च्या उन्हाळ्यातलं एक पत्र आहे त्यात गावाचं नाव नाही, लढाईचा एक शब्द नाही, सगळं पत्र बैलांवर आहे. इथले बैल पांढरेशुभ्र आहेत, आपल्या खिलारीसारखेच पण उंचीला डबल आणि स्वभावानं गरीब, इथं द्राक्षाचा वेल बांधावरच्या झाडावर चढवतात, मांडव घालत नाहीत, गव्हाची कापणी आत्ता चाललीय आणि कापणाऱ्या बहुतेक बायाच आहेत कारण बाप्ये सगळे लढाईवर. सेन्सॉरच्या साहेबाला यात काही सापडलं नाही, बिचाऱ्यानं शिक्का मारून सोडून दिलं. मी नेटवर शोधलं तर त्या भागात खरंच पांढऱ्या थोराड बैलांची जात आहे, कियानीना म्हणतात, आणि झाडांवर द्राक्षवेल चढवायची तिकडं जुनी पद्धत होती. म्हणजे आजोबा कुठल्या खोऱ्यात होते हे आम्हाला ऐंशी वर्षांनी बैलांमुळं कळलं.

सगळी पत्रं थोरल्या भावाला, 'तीर्थरूप दादांचे चरणी साष्टांग दंडवत, वि. वि., इकडील क्षेम जाणून तिकडील क्षेम कळवीत जावे' अशी सुरुवात. बायकोला थेट पत्र लिहायची पद्धतच नव्हती, आणि लिहिलं तरी वाचणार कोण, आजीला अक्षरओळख नाही, शाळेतले मास्तर ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे आणि निम्मी आळी ऐकायची. त्यात इकडं सेन्सॉर, तिकडं कंपनीतले लोक. म्हणजे नवरा बायकोमध्ये निदान दहा माणसं. ४१ पत्रांत आजीचं नाव एकदाही नाही, 'घरातली मंडळी' एवढंच. आजकाल पोरं म्हणतात काय कोरडी पत्रं आहेत. कोरडी नाहीत हो, तेवढ्या माणसांसमोर माणूस बोलणार काय, मनीऑर्डर पोचली का, शेतसारा भरला का, भाऊबंदकीच्या वादात पडू नका, हेच. मधूनच कुठंतरी 'घरातल्या मंडळींनी रात्री पाणी आणायला ओढ्यावर जाऊ नये' अशी एखादी ओळ येते, तिथं थांबायचं आणि परत वाचायचं.

एक गोष्ट सांगतो, घरातली आहे पण सांगायला हवी. आजोबा बोटीत बसल्यावर आजीला मुलगी झाली. तिला सगळे बाळी म्हणायचे. आजोबांनी तिला बघितलंच नव्हतं, पण प्रत्येक पत्राच्या शेवटी 'चि. बाळीस अनेक आशीर्वाद' असायचंच. १९४४ च्या श्रावणात बाळी तापानं गेली. दादांनी कळवलं, पण ते पत्र वाटेत कुठं फिरत राहिलं देव जाणे. सप्टेंबरचं पत्र आलं त्यात बाळीस अनेक आशीर्वाद. ऑक्टोबरचं आलं त्यातही, वर आणि बाळी चालायला लागली का म्हणून विचारलंय. मास्तरांनी ती ओळ वाचली का गाळली हे आजीनं कधी सांगितलं नाही. नोव्हेंबरच्या पत्रात दंडवत आहे, क्षेम आहे, मग 'बाळीचे वर्तमान कळाले' एवढं आजोबांच्या अक्षरात, आणि त्याच्या पुढचं सगळं पत्र दुसऱ्याच कुणाच्या तरी हातचं आहे. शाळू कसा उगवला, बैलाचा खुर बरा झाला का, वगैरे. पेन्सिल कुणी हातात घेतली, आजोबा तेव्हा काय करत होते, ते शेजारी बसून सांगत होते का तो माणूस आपल्याच मनानं लिहीत होता, आम्हाला काहीच माहीत नाही. १९४६ ला ते परत आले आणि पुढं चाळीस वर्षं जगले पण या विषयावर बोलले नाहीत. सप्टेंबर आणि ऑक्टोबरची ती दोन पत्रं आजीनं वेगळी ठेवलेली, कुंकवाच्या डब्याखाली, तिला वाचता येत नव्हतं तरी कागदावरच्या डागावरनं ती बरोब्बर ओळखायची.

आणि हे सगळं एका बाजूचं आहे हे लक्षात घ्या. घरून गेलेलं एकही पत्र शिल्लक नाही, ती चिखलात गेली, पावसात गेली, पाठीवरच्या सामानात ठेवणार किती. घरच्यांनी काय लिहिलं ते आजोबांच्या उत्तरावरनंच ओळखायचं.

पहिल्या महायुद्धाचं तर याहून वाईट आहे. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे, त्या एका गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले, स्मारक आहे, सगळ्यांना माहितीये. आपली माणसं मुख्यतः मेसोपोटेमियात म्हणजे आत्ताच्या इराकात लढली, आमच्याकडची म्हातारी माणसं नुसतं 'बसऱ्याला गेला' म्हणायची. तिथल्या कूत गावाच्या वेढ्यात पुण्याची सहावी डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत अडकून पडली आणि शेवटी शरण गेली, त्यात मराठा पलटणीही होत्या. त्या माणसांनी घरी काय लिहिलं? फ्रान्समध्ये जे हिंदी सैनिक होते त्यांची पत्रं इंग्रज सेन्सॉर उघडायचे आणि त्यातले उतारे इंग्रजीत करून दर आठवड्याला रिपोर्ट पाठवायचे, ते रिपोर्ट आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यात एक प्रसिद्ध गोष्ट आहे, सैनिक काळी मिरी आणि लाल मिरची असं लिहायचे, काळी मिरी म्हणजे आपले लोक आणि लाल मिरची म्हणजे गोरे, काळी मिरी संपत आली असं कुणी लिहिलं की घरच्यांनी समजायचं. पण ते सगळं इंग्रजीतच उरलंय, मूळ भाषेतला कागद बहुतेक नाहीच. आपल्या माणसाचं म्हणणं आपल्या भाषेत वाचायचं असेल तर ते फक्त आपल्या घरातल्या ट्रंकेतच मिळणार, लंडनला नाही.

लोक ही पत्रं जपत नाहीत याचं आणखी एक कारण आहे असं मला वाटतं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार म्हणजे इंग्रजांविरुद्धचं भूमिगत सरकार चालू होतं, घरातला एक भाऊ त्यात आणि त्याच घरातला दुसरा भाऊ इंग्रजाच्या पलटणीत. माझ्या आजोबांच्या एका पत्रात 'गावाकडील हकीकत समजली, जास्त लिहू नये' असं आहे, त्यावरनं काय ते समजायचं. स्वातंत्र्यानंतर असल्या घरांमध्ये एक अवघडलेपण आलं. भूमिगतांच्या घरी सत्कार झाले ते योग्यच झालं, पण इटलीतनं आलेला माणूस गप्प बसला आणि त्याची पत्रं माळ्यावर गेली. दुसऱ्या महायुद्धात आपले २५ लाख लोक सैन्यात होते, इंग्रजांच्या प्रेमापायी गेलेले त्यात किती असतील? कोरडवाहू जमीन, डोक्यावर कर्ज, घरात खाणारी तोंडं दहा, पलटणीत पगार आणि पोटभर जेवण. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि पत्रं लपवण्यासारखं तर अजिबात नाही.

मी दोन वर्षांपूर्वी ही पत्रं एका सरकारी कार्यालयात घेऊन गेलो होतो. तिथल्या माणसांनी चहा पाजला, चांगलं बोलले, पण मेडल किंवा तलवार असेल तर सांगा, कागद ठेवायला आमच्याकडे सोय नाही असं म्हणाले. परत येताना एस.टी.त पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो, खरं सांगतो, फार वाईट वाटलं. दोष त्या माणसांचा नाही, पण प्रत्येक जिल्ह्यात एक स्कॅनर, एक टेबल आणि मोडी येणारा एक माणूस एवढं बसवायला किती खर्च येतो? पत्रं ठेवून घेऊ नका, मालकाला परत द्या, फक्त फोटो घ्या. लोक विश्वासानं आणतील.

तोपर्यंत वाचकांना हात जोडून विनंती, घर पाडताना, माळा साफ करताना, वाटण्या होताना कागदाचं गाठोडं आधी बघा. वाचता येत नाही म्हणून टाकू नका, मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, पुण्यात, कोल्हापुरात, तुमच्या तालुक्यातही एखादे रिटायर मास्तर निघतील. पत्र लॅमिनेट अजिबात करू नका, मी त्यातलं एक करून बसलोय आणि आता ते सुटत नाही, आतून पिवळं पडत चाललंय. फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका. दिवसाउजेडी मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकिटाचा पण काढा कारण शिक्क्यातल्या नंबरावरनं आणि तारखेवरनं पलटण कुठं होती ते जाणकार लोक सांगू शकतात. आणि घरात ८०-८५ चं कुणी असेल तर त्यांच्यासमोर पत्र वाचा आणि ते काय बोलतात ते मोबाईलवर रेकॉर्ड करा. बाळीचं मला पत्रातनं नाही कळलं, आत्यानं सांगितलं, पत्र वाचताना ती मध्येच उठून आत गेली म्हणून मी विचारलं. आत्या गेल्या पावसाळ्यात वारली.

संपादकसाहेब, तुमच्याकडं एक मागणं आहे. रविवारच्या पुरवणीत महिन्यातनं एकदा अशा एका पत्राला जागा द्या, अर्धा कॉलम पुरे. शूरवीराचंच पाहिजे असं नाही, कुणाचंही चालेल, बासष्टचं, पासष्टचं, एकाहत्तरचं, कारगिलचं. लोकांना छापलेलं दिसलं की आपल्या घरातलंही आठवतं. पहिलं पत्र मी पाठवतो, बैलांचं.

आपला,
एक वाचक, जि. सातारा