आकडा खराच कळवा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या तब्येतीचे आकडे रोज घरूनच डॉक्टरांकडे पाठवायची सोय करूया म्हटलं, तर परवा फोनवर बाबा म्हणाले, "आता आमच्यावर पहारा बसवतेस की काय?" त्याचं उत्तर घाईघाईत द्यायचं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी हे सांगते की घरात कॅमेरा येणार नाही, मग कुणी कितीही सुचवू दे. तुम्ही किती वाजता उठलात, घरी कोण आलं, दुपारी काय जेवलात, यातलं काहीही मला बंगळुरूत बसून बघायचं नाही. येतील त्या चारच वस्तू. वजनकाटा, दंडाला पट्टा गुंडाळायचं बीपीचं मशीन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि आईसाठी साखर बघायचं मशीन. आकडे ब्लूटूथने आईच्या मोबाइलवर येतील आणि तिथून डॉक्टरांच्या सिस्टरकडे जातील. ते मलाही दिसावेत का, हे तुम्ही ठरवा. आज हो म्हणालात आणि पुढे नकोसं वाटलं, तरी मला राग येणार नाही.

बाबा, तुम्हाला वजनकाट्याचं सगळ्यात नवल वाटलं. पण तुमच्यासाठी या चारांत तोच सगळ्यात कामाचा आहे. हृदयाचं पंपिंग कमी असलं की अंगात पाणी साठत जातं. पायाला सूज येते, धाप लागते, पण पुष्कळदा त्याच्या आधीच काटा वर सरकलेला असतो. गेल्या पावसाळ्यात तुम्हाला झोपताना एकाऐवजी दोन उशा लागू लागल्या, मग तीन, आणि ज्या रात्री बसूनही श्वास पुरेना त्याच रात्री हिंदमाताला पाणी तुंबलेलं. परळच्या त्या रस्त्यावर टॅक्सी मिळेना, आई तुम्हाला धरून पायरीवर बसलेली. ते आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते खाण्यामुळे नव्हे, पाण्यामुळे असण्याचीच शक्यता जास्त. तेवढ्यात डॉक्टरांना कळलं, तर लघवीची गोळी थोडी वाढवून बरेचदा घरीच निभावतं. अर्थात गोळी वाढवायची ती डॉक्टरांनीच.

फोनवरून औषध कसं बदलतील, ही तुमची शंका रास्त आहे. मार्च २०२० पासून आपल्याकडे त्यासाठी रीतसर नियमावली आहे, आणि हे डॉक्टर तर तुम्हाला इतकी वर्षं ओळखतात. महिन्याची भेट चालूच राहील. छातीला नळी लावून आणि पाय दाबून जे कळतं ते मोबाइलवर कळत नाही.

मी यावर बरंच वाचलं. अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१० साली तो छापून आला. रुग्णांनी रोज फोन करून यंत्राच्या प्रश्नांना बटणं दाबून उत्तरं द्यायची, अशी ती पद्धत होती. सहा महिन्यांनी बघितलं तर काहीच फरक पडला नव्हता. बऱ्याच जणांनी फोन करणंच सोडून दिलं होतं. पुढे जर्मनीत १,५७१ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१८ चा. तिथे वजन, बीपी आणि ईसीजी रोज आपोआप बर्लिनच्या केंद्रात जायचं आणि तिथे डॉक्टर-नर्स चोवीस तास हजर असायचे. त्या रुग्णांचे इस्पितळात जाणारे दिवस कमी झाले आणि मृत्यूही कमी झाले. हे दोन अभ्यास एकमेकांपेक्षा बरेच वेगळे होते, पण मी त्यातून एवढं घेतलं की पलीकडे आकडा बघणारं आणि लगेच हालचाल करणारं माणूस हवं. म्हणून मशीन कुठल्या कंपनीचं यापेक्षा मी डॉक्टरांना हेच विचारत बसले, की आकडे कोण बघणार, किती वाजता, आणि रविवारी काय? सिस्टर रोज सकाळी बघतील. रविवारी डॉक्टर स्वतः.

तरीही सगळं शेवटी तुमच्यावर आहे. बाबा, लग्नाचं जेवण झालं, पापड-लोणचं जास्त गेलं, म्हणून दुसऱ्या दिवशी काटा टाळू नका. नेमका त्या दिवसाचाच आकडा हवा असतो. तुम्हाला कुणी रागावणार नाही, मी तर नाहीच. आणि गुडघा दुखला म्हणून केमिस्टकडून परस्पर गोळी आणू नका. वेदनाशामक गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी अंगात पाणी धरतं, बीपीही चढतं.

आई, तू बीपी घेताना बोलतेस. पट्टा फुगत असतो आणि तू कामवालीला भाजी कुठली चिरायची ते सांगत असतेस. तेवढा वेळ गप्प बस ना गं. आधी पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळेला मिनिटभर थांबून दोनदा. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहू लागली तर कळवायचं. दवाखान्यात १४०/९० धरतात. एखाद्या दिवशीच्या चढ्या आकड्याने मात्र घाबरून जाऊ नकोस. साखर बघण्याआधी हात धुऊन कोरडे कर. हापूस कापलेल्या बोटाला टोचलंस तर आकडा उगाच फुगतो. आणि ७० च्या खाली आली तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून पी, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघ, मग फोन.

छातीत दुखलं, बसल्या जागी श्वास लागला, चक्कर येऊन पडायला झालं, तोंड वाकडं झालं किंवा जीभ जड पडली, तर कुठलंही मशीन शोधत बसू नका. सिस्टरच्या फोनचीही वाट बघायची नाही. थेट १०८ लावा आणि शेजारच्या काकांना हाक मारा. त्यांच्याशी माझं बोलणं झालंय.

पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून बाबांचं नेहमीचं वजन आणि किती वाढल्यावर कळवायचं, ते मोठ्या अक्षरात लिहून घ्या. मी सांगितलेले आकडे सर्वसाधारण आहेत, तुमचे वेगळे असू शकतील.

तुमची लाडकी,
ताई

ता. क. वजनकाटा सतरंजीवर ठेवू नका, फरशीवर ठेवा. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण सारख्याच कपड्यांत.