दोन काड्या

प्रिय सुध्या,

चार वर्षांत एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण ते भांडण तू जिंकलास. ऑक्टोपसच्या अंगात कवच असतं.

तब्येत ठीक आहे. गोळ्या त्याच, डॉक्टर नवा.

तुझ्या जर्नलमधली ती आकृती आठवते ना? कल्ल्यांच्या बुडाशी दोन्ही बाजूंना तू पेन्सिलीनं एकेक रेघ काढली होतीस, आणि नावाच्या जागी प्रश्नचिन्ह. मी म्हणालो, स्नायूची घडी आहे, खोड. तू खोडेनास, म्हणून मीच खोडली, तीही तुझ्याच रबरानं. मग आठवडाभर तू बोलला नाहीस. लाटकर आपल्यात निरोप पोचवायचा आणि प्रत्येक निरोपात स्वतःची एक शिवी फुकट घालायचा.

मागच्या महिन्यात आमच्या टाकीतली मादी गेली. अंडी घातल्यावर तिनं खाणं टाकलं होतं. रंग उतरत गेला, तरी अंड्यांवर पाण्याचा झोत सोडायचं काही थांबवलं नाही. पिल्लं बाहेर पडली आणि दोन दिवसांत ती संपली. तिला उघडलं तेव्हा सगळ्यात आधी मी तुझ्या रेघांची जागा चाचपली. प्रावाराच्या, म्हणजे धडाभोवतीच्या जाड आवरणाच्या, स्नायूत बोटाला काहीतरी कडक लागलं. भोवतीची पातळ पिशवी चिरली, तर आतून काडी निघाली! पिवळसर, काचेसारखी अर्धपारदर्शक, कोपरात वाकवलेल्या हातासारखी. दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी. पाण्याचा झोत सोडायचं ते नरसाळं मागे ओढणारे स्नायू तिथेच टेकलेले. स्टायलेट म्हणतात यांना. शंखासारखी चुन्याची भिंत नाही. कायटिन, म्हणजे खेकड्याच्या कवचातलं द्रव्य, आणि प्रथिनं, थरावर थर. कटलफिशनं निदान समुद्रफेन तरी राखला, कप्प्याकप्प्यांचा. हिच्याकडे एवढंच उरलं होतं.

दोनच का, हे मला रात्रभर छळत होतं. मग लेबनॉनच्या जीवाश्मांबद्दल वाचलं. साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचे ऑक्टोपस, २००९ मध्ये त्यांचं वर्णन झालं. त्यातल्या एका वंशात स्क्विडच्या पात्यासारखं कवच आहे, पण मधला भाग गेलेला, नुसते डावे-उजवे अर्धे उरलेले. त्याच खडकांतल्या दुसऱ्या एकात ते अर्धेही आक्रसून काड्या झालेत. म्हणजे तू काढलेल्या रेघा एका अख्ख्या कवचाच्या दोन कडा होत्या, सुध्या, आणि मी त्या पुसल्या.

आर्गोनॉटच्या, म्हणजे त्या कवचवाल्या ऑक्टोपसच्या, बाबतीत मात्र तू चुकला होतास आणि तिथे मी हटणार नाही. तिचं ते सुंदर पांढरं कवच खरं कवच नव्हेच. मादी ते दोन हातांच्या पडद्यातून स्रवते, अंड्यांसाठी. झान व्हिलप्रॉ-पॉवर या बाईंनी १८३० च्या दशकात मेसिनाला समुद्री प्राणी टाक्यांत पाळून दाखवून दिलं की ते ती स्वतःच बनवते, कुणाचं उचलत नाही. लाटकरला सांग, एक-एक अशी बरोबरी झाली.

आता खरी गोष्ट. एक काडी माझ्या हातून गेली. कागदावर ठेवली आणि दिवा मालवून घरी आलो. सकाळी ती आक्रसून पिळवटली होती, लांबभर तडे. ओलावा गेला की असंच होतं, हे मला माहीत असायला हवं होतं. दुसरी लगेच अल्कोहोलमध्ये टाकली. ती बाटली आता टेबलावर असते आणि मी तिच्याकडे बघत बसतो.

कारण त्या काडीत तिचं वय आहे. आडवा छेद घेतला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. टास्मानियात २००६ मध्ये वय ठाऊक असलेल्या ऑक्टोपसांच्या काड्या कापून पाहिल्या, तर दिवसाला एक वलय निघालं. स्क्विडचं वय त्याच्या तोल सांभाळणाऱ्या अवयवातल्या खड्यावरून काढतात, पण ऑक्टोपसचा तो खडा मऊ, तिथे काही वाचता येत नाही. आमची मादी आली तीच मोठी होऊन. ती किती दिवस जगली, हे दुसऱ्या कुठे लिहिलेलं नाही. कापायचं कोपराच्या जरासं मागे, पातळ, आणि मग घासून गुळगुळीत करायचं. जागा चुकली किंवा चकती फुटली तर संपलं. दोनदा ब्लेड हातात घेतलं आणि खाली ठेवलं. आणि न कापता ठेवली, तर तिचे दिवस त्या बाटलीत तसेच बंद राहतील. तेही मला सहन होत नाही.

आपल्या वर्गात छेद घ्यायचा हात एकट्या तुझा होता. सर उगाच तुझ्या स्लाइड्स कपाटात ठेवत नव्हते.

तुझी बदली झाल्याचं कळलं. धाकटीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेलच. सविस्तर कळव.

पण कळवण्याआधी ये. नव्या ब्लेडचं पाकीट फोडलेलं नाही, बाटलीला मी हात लावणार नाही. ते जर्नल अजून असेल तर घेऊन ये, आणि पेन्सिलही.

तुझा,
वसंता