अ‍ॅक्सिलरेटरच्या बातमीत ती नायोबियमची कॅव्हिटीपण येऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात सर्न किंवा फर्मीलॅब या अ‍ॅक्सिलरेटरच्या, म्हणजे अणूतले कण प्रचंड वेगानं पळवणाऱ्या यंत्रांच्या, प्रयोगशाळांबद्दल काही आलं की मी ते सगळ्यात आधी वाचतो, पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवतो त्यामुळे मशीनबद्दल काहीतरी हाती लागेल अशी आशा असते, पण दरवेळी बातमी त्याच वाटेनं जाते, विश्वाची उत्पत्ती, देवकण (हिग्ज), इतके अब्ज डॉलर खर्च, संपलं. मधे कुठेतरी "कणांना प्रचंड वेग दिला जातो" एवढं एक वाक्य असतं. तो वेग कशानं देतात, त्यात अवघड काय आहे, ते करतं कोण, याबद्दल अक्षर नाही. माझं म्हणणं असं आहे की या यंत्रांचं निम्मं यश धातूच्या एका पृष्ठभागावर ठरतं, तो पृष्ठभाग वर्कशॉपमध्ये तयार होतो, आणि ते काम आपल्या देशातही होतं. हे मराठी वाचकाला कळलं पाहिजे, विशेषतः ज्यांची मुलं आयटीआय आणि डिप्लोमाला आहेत त्यांना.

कॅव्हिटी म्हणजे धातूची पोकळी, आत व्हॅक्यूम. तिच्यात रेडिओ लहरी सोडतात, त्यामुळे आतलं विद्युत क्षेत्र सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलतं, आणि क्षेत्र पुढच्या दिशेला असताना नेमका कणांचा पुंजका आत आला की त्याला धक्का मिळतो. तत्त्व इतकंच. तांब्याची कॅव्हिटीही चालते, कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन देणारं लिनॅक, म्हणजे कण सरळ रेषेत पळवणारं यंत्र, असतं त्यातली तांब्याचीच, आणि मुंबईच्या समीर संस्थेनं असं देशी लिनॅक बनवलेलं आहे. पण तांब्यात बहुतेक वीज भिंती तापवण्यात जाते, म्हणून ते छोट्या छोट्या पल्समध्ये चालवतात. मोठं क्षेत्र ठेवून बीम, म्हणजे कणांचा झोत, सतत चालू पाहिजे असेल तर नायोबियम लागतं, जे ९.२ केल्विनला म्हणजे साधारण उणे २६४ अंशाला सुपरकंडक्टर होतं.

इथं एक गोष्ट नेहमी अर्धवट छापली जाते, की सुपरकंडक्टरचा रोध शून्य. एकाच दिशेनं वाहणाऱ्या डीसी करंटला शून्य, बरोबर, पण रेडिओ लहरींना नाही. क्षेत्र पृष्ठभागाच्या आत साधारण ४० नॅनोमीटर शिरतं आणि तिथं जे इलेक्ट्रॉन जोडी न बांधता उरलेले असतात (रोधाशिवाय वाहतात ते जोडीनं असलेले) त्यांना हलवतं, त्यातून थोडी उष्णता निघतेच. तापमान उतरवलं की असे सुटे इलेक्ट्रॉन झपाट्यानं कमी होतात, म्हणून ४.२ केल्विनच्या साध्या द्रव हेलियमवर न थांबता २ केल्विनपर्यंत जातात. मग रोध उरतो काही नॅनोओहम, तांब्याच्या जवळजवळ दहा लाखावा भाग, आणि कॅव्हिटीचा क्यू, म्हणजे आत भरलेली ऊर्जा किती हळू विरते याचा गुणवत्तांक, जातो एक हजार कोटीवर. देवळातल्या घंटेचा क्यू एवढा असता आणि तिचा स्वर सेकंदाला ५०० कंपनांचा असता, तर एकदा वाजवल्यावर नाद एक तृतीयांशाच्या आसपास यायला अडीच महिने लागले असते, ज्याला आवड असेल त्यानं गणित मांडून बघावं.

हे फुकट मिळत नाही. २ केल्विनला एक वॅट उष्णता काढायला बाहेर सातशे-आठशे वॅट वीज लागते, म्हणजे क्यू दुप्पट झाला तर रेफ्रिजरेशनचा तेवढा भार निम्मा. अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये अ‍ॅना ग्रासेलिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं की नायोबियम भट्टीत ८०० अंशाला तापवताना किंचित नायट्रोजन दिला आणि नंतर वरचे काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पॉलिश करून काढले तर क्यू दुपटी-तिपटीनं वाढतो. कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस-२ या एक्स-रे लेझरसाठी हीच पद्धत वापरली, सप्टेंबर २०२३ मध्ये त्यातून पहिले एक्स-रे निघाले. भट्टीतल्या एका बदलानं अख्ख्या क्रायोजेनिक प्लांटचा हिशोब बदलतो, हीट ट्रीटमेंट शिकवणाऱ्या माणसाला याहून चांगलं उदाहरण कुठून मिळणार!

आता वर्कशॉप. अतिशुद्ध नायोबियमचा तीन-चार मिलिमीटर जाड पत्रा घ्यायचा, डाय आणि पंचनं डीप ड्रॉइंग करून, म्हणजे साच्यात दाबून, वाटीच्या आकाराचे अर्धे सेल (सेल म्हणजे कॅव्हिटीचा एक कप्पा) काढायचे, कडा मशीनवर ट्रिम करायच्या, आणि मग दोन-दोन अर्धे जोडत न्यायचे. वेल्डिंग व्हॅक्यूममध्ये, इलेक्ट्रॉन बीमनं, कारण तापलेलं नायोबियम हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि शुद्धता गेली की सगळं गेलं. वेल्डचा मणी आतल्या बाजूनंही गुळगुळीत पाहिजे, एक छर्रा उडाला किंवा एक खड्डा राहिला तर त्या ठिकाणी धातू तापतो, सुपरकंडक्टिव्हिटी तुटते, याला क्वेंच म्हणतात. नंतर अ‍ॅसिडनं आतून शंभर ते दीडशे मायक्रॉनचा थर काढतात, कारण रोलिंग आणि प्रेसमध्ये तेवढा थर बिघडलेला असतो. मग हायड्रोजन घालवायला व्हॅक्यूम भट्टी, मग क्लीन रूममध्ये अतिशुद्ध पाण्याच्या १०० बारच्या फवाऱ्यानं तासनतास धुणं. धुळीचा एक बारीक कण आत राहिला तरी मोठ्या क्षेत्रात तो इलेक्ट्रॉन फेकायला लागतो, ते भिंतीवर आपटून एक्स-रे काढतात आणि कॅव्हिटी तिच्या क्षमतेच्या खूप खाली अडकते. नटबोल्ट आवळणाऱ्यानं क्लीन रूममध्ये हात कसा हलवायचा, कॅव्हिटीच्या तोंडाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, हेसुद्धा शिकावं लागतं. आकाराचंही तसंच, सुरुवातीच्या कॅव्हिट्यांमध्ये इलेक्ट्रॉन भिंतीवर आपटून आणखी इलेक्ट्रॉन काढत आणि ती साखळी वाढत जाई, १९७० च्या दशकाच्या शेवटी भिंतीला गोलाई दिली तेव्हा त्याला आळा बसला. हॅम्बुर्गच्या युरोपियन एक्सएफईएल या एक्स-रे लेझरसाठी अशा नऊ सेलच्या सुमारे ८०० कॅव्हिट्या जर्मनी आणि इटलीतल्या दोन कंपन्यांनी बनवल्या, म्हणजे हे कारखान्यात होणारं काम आहे, ड्रॉइंग, टॉलरन्स, इन्स्पेक्शन रिपोर्ट सगळ्यासकट.

आणि आपल्याकडे? कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) आवारात १९८८ पासून पेलेट्रॉन नावाचं अ‍ॅक्सिलरेटर आहे, त्याला पुढे सुपरकंडक्टिंग लिनॅक जोडलंय, ते २००७ मध्ये पूर्ण झालं, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टीआयएफआरनं मिळून. त्यात २८ रेझोनेटर म्हणजे कॅव्हिट्याच आहेत, तांब्याचे, आतून शिशाचा मुलामा दिलेले, कारण शिसंही ७.२ केल्विनखाली सुपरकंडक्टर होतं. म्हणजे मुलामा देण्यासारखी जुनी कारागिरी अणुभौतिकीच्या यंत्राच्या मुळाशी आहे आणि ते मुंबईत आहे, तरी किती मुंबईकरांनी ऐकलंय? दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरनं पहिले नायोबियम रेझोनेटर अमेरिकेतल्या आरगॉन लॅबबरोबर केले, नंतर स्वतःकडे इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंग बसवून इथंच बनवले. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात नायोबियम लेझरनं जोडण्याचं तंत्र विकसित झालं, आणि तिथं कॅव्हिटी बनवण्यापासून २ केल्विनला टेस्ट करण्यापर्यंतची सोय आहे.

या सगळ्याचा धागा आज फर्मीलॅबच्या पिप-२ प्रकल्पात जातो, त्याचं बांधकाम सध्या चालू आहे. कणांना ८०० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा देणारं सुपरकंडक्टिंग लिनॅक, त्यातून निघालेला बीम पुढच्या रिंगांमधून जाऊन न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशानंच न अडणारे कण, तयार करणार आणि ते जमिनीखालून १३०० किलोमीटरवर साउथ डकोटात पकडणार. भारत त्यात भागीदार आहे, कॅव्हिट्यांचं काम, त्यांना ताकद पुरवणारे सॉलिड स्टेट अ‍ॅम्प्लिफायर, असं बरंच इकडच्या संस्थांकडे आहे. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेनं आपल्या अणुऊर्जा विभागाच्या संस्थांना निर्यात-निर्बंधांच्या यादीत टाकलं होतं, भाभा केंद्राचं नाव तर त्या यादीतून जानेवारी २०२५ मध्ये निघालं, आणि आज त्याच विभागातल्या लोकांचं काम अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या मुख्य यंत्रात बसतंय. मला ही पहिल्या पानाची बातमी वाटते.

बीम डायनॅमिक्सबद्दल, म्हणजे कणांचा झोत यंत्रातून कसा सांभाळून न्यायचा त्याबद्दल, तर मराठी पेपरात मी कधी वाचलेलं नाही, आणि खरी गंमत तिथंच आहे. पिप-२ मध्ये बीम हायड्रोजनच्या ऋण आयनांचा आहे, सगळ्यांवर सारखाच भार, म्हणून ते एकमेकांना ढकलतात, आणि वेग कमी असताना ही ढकलाढकली सगळ्यात वाईट, त्यामुळे यंत्राचे पहिले काही मीटर सगळ्यात नाजूक असतात. कण सगळे एका वेळी पोचतही नाहीत, म्हणून क्षेत्र शिखरावर जायच्या जरा आधीच पुंजका आत घेतात, जो लवकर आला त्याला धक्का कमी, जो मागं राहिला त्याला जास्त, आणि पुंजका आपोआप एकत्र राहतो. हे १९४४ मध्ये रशियात वेक्सलरनं आणि १९४५ मध्ये अमेरिकेत मॅकमिलननं स्वतंत्रपणे मांडलं. पण लांबीत आवळलं की तेच क्षेत्र पुंजक्याला आडवं पसरवतं, म्हणून कॅव्हिट्यांच्या मधे चुंबक लागतात. शिवाय सुरुवातीला हे आयन प्रकाशाच्या सात टक्क्यांच्या आत वेगानं जातात आणि शेवटी ८४ टक्क्यांनी, सगळीकडे एकच आकार चालणार कसा, म्हणून पिप-२ मध्ये पाच जातीच्या कॅव्हिट्या आहेत. इलेक्ट्रॉन हलका, तो लगेच प्रकाशाच्या वेगाजवळ जातो, त्यामुळे हॅम्बुर्गला जवळजवळ सगळ्या एकाच जातीच्या चालल्या.

हे गणित आणि वर्कशॉप एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. नऊ सेलच्या कॅव्हिटीची लांबी एक मायक्रॉननं बदलली तर तिची फ्रिक्वेन्सी सुमारे ३०० हर्ट्झनं सरकते, आणि एलसीएलएस-२ सारख्या सतत चालणाऱ्या यंत्रात पूर्ण बँडविड्थच, म्हणजे फ्रिक्वेन्सी जेवढ्या पट्ट्यात राहिली तर चालते तो पट्टा, ३० हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे मायक्रॉनचा दहावा भाग हलला तरी ट्यूनिंग गेलं. शेजारचा पंप थरथरला, हेलियमचं प्रेशर जरा वरखाली झालं, तरी ते बीमपर्यंत पोचतं, त्यावर पायझो ट्यूनर, म्हणजे वीज दिली की अगदी बारीक हलून कॅव्हिटीची लांबी जुळवणारा भाग, लावून सतत दुरुस्ती चालू ठेवावी लागते. आणि बीम सांडला तर? पिप-२ पूर्ण क्षमतेनं सतत चालला तर बीमची ताकद १.६ मेगावॅट होते, आणि अशा यंत्रांसाठी ठरलेला दंडक असा की एका मीटरला एक वॅटपेक्षा जास्त वाया जायचा नाही, कारण त्याहून जास्त सांडला तर धातू इतका किरणोत्सारी होतो की टेक्निशियनला आत जाऊन हातानं दुरुस्ती करता येत नाही. कॉम्प्युटरवर लाखो कणांचं सिम्युलेशन करणारा माणूस शेवटी पाना घेऊन आत जाणाऱ्या माणसाची काळजी घेत असतो.

म्हणून विनंती. यापुढे अ‍ॅक्सिलरेटरची बातमी आली की हिग्ज आणि बिग बँगच्या जोडीला दोन परिच्छेद कॅव्हिटीला द्या, वायरनं आलेला मजकूर तसाच न लावता कुलाबा, भाभा केंद्राचं तुर्भे (ट्रॉम्बे) नाहीतर इंदूरच्या एखाद्या इंजिनियरला विचारा, यातल्या कितीतरी जणांना मराठीत बोलता येतं. आणि दहावी-बारावीच्या निकालानंतर करिअर पुरवणी काढता त्यात लिहा की भाभा केंद्र डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांनाही स्टायपेंडरी ट्रेनी म्हणून घेतं, फिटर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, यांचं तिथं काम आहे. माझ्या वर्गात दरवर्षी अशी पोरं असतात ज्यांच्या हाताला मायक्रॉन कळतो, पण अ‍ॅक्सिलरेटर म्हटलं की त्यांना गाडीचं पेडल आठवतं. त्या पुरवणीसाठी आकृत्या, सोप्या भाषेतला मजकूर काही लागलं तर मी लिहून द्यायला तयार आहे, पुढच्या निकालाच्या आधी कळवावं.

आपला,
पॉलिटेक्निकमधला एक शिक्षक, कोल्हापूर